अर्थ की उच्चार? छांगआनच्या अनुवादसभेचं एक प्रकरण, इ.स. ४०१ ते ४०६

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका ग्रंथाच्या अनुवादाचं आहे. ग्रंथ पंचविंशतिसाहस्रिका प्रज्ञापारमिता, महायान बौद्धांचं एक मोठं सूत्र. लांबी नावातच आहे: पंचवीस हजार श्लोक. ग्रंथ गद्यात असला तरी बत्तीस अक्षरांचा एक श्लोक धरून मोजायचा, आपल्याकडे पोथीची ग्रंथसंख्या मोजतात तसा. म्हणजे सुमारे आठ लाख अक्षरं. ठिकाण छांगआन, आजचं शीआन. मुख्य अनुवादक कुमारजीव, आश्रयदाता उत्तरकालीन छिन घराण्याचा राजा याओ शिंग.

ग्रंथ चीनला नवा नव्हता, आणि खरी गोम तिथेच आहे. आठ हजार श्लोकांची धाकटी प्रज्ञापारमिता कुषाण प्रदेशातून आलेल्या लोकक्षेमानं १७९ मध्येच लोयांगला चिनीत आणली होती. पुढे जू शिशिंग नावाचा चिनी भिक्षू तिच्यावर प्रवचनं करू लागला, तर ठिकठिकाणी अर्थच लागेना. पश्चिमेला याहून पूर्ण पाठ आहे असं कळल्यावर २६० मध्ये तो वाळवंट ओलांडून खोतानला गेला आणि तिथे मोठ्या पाठाची नव्वद परिवर्तांची, म्हणजे प्रकरणांची, पोथी उतरवून घेतली. ती चीनला पोचायला २८२ साल उजाडलं, अनुवाद व्हायला २९१. तो स्वतः परतलाच नाही, खोतानलाच वारला. दरम्यान २८६ मध्ये दुनह्वांगच्या धर्मरक्षानं याच ग्रंथाचा आणखी एक अनुवाद केला होता. तो पश्चिमेच्या ल्यांगचौ भागात एक्याण्णव वर्षं निजून राहिला, असं त्याची वाट पाहणाऱ्या दाओआन या आचार्यानंच लिहून ठेवलं आहे. ३७६ मध्ये तो दक्षिणेला श्यांगयांग इथे दाओआनच्या हाती पडला. ल्यांगचौहून त्याच सुमारास निघालेली काही सूत्रं खांग-अर नावाच्या, सरहद्दीच्या बाजारात देवघेव करणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे सोपवली होती. खांग हे आडनाव चीनमध्ये समरकंदकडच्या सोग्दी लोकांना लावत.

रेशीममार्गावर ‘विचारांची देवाणघेवाण’ झाली असं आपण सहज म्हणतो. व्यवहारात ती अशी व्हायची: कुणाच्या तरी मालाच्या गाठोड्यात एक पोथी, हातोहात, वर्षानुवर्षं. व्यापारी नुसता हमालही नसे. १८१ मध्ये लोयांगला एका सूत्राचा अनुवाद करणारा आन श्वान हा पार्थियाहून व्यापारासाठी आलेला माणूस. तो तोंडी अर्थ सांगे आणि यान फोत्याव हा त्याचा चिनी सहकारी उतरवून घेई.

कुमारजीव याच वाटेवरचा. वडील कुमारायण भारतातून पामीर ओलांडून कुचाला गेलेले, आई जीवा तिथल्या राजाची बहीण. दोघांची नावं जोडून मुलाचं नाव. कुचा हे तकलामकानच्या उत्तर काठावरचं, काफिल्यांच्या मुक्कामाचं संपन्न गाव. नवव्या वर्षी आईबरोबर काश्मीरला जाऊन त्यानं बंधुदत्ताकडे सर्वास्तिवादी परंपरेतलं शिक्षण घेतलं. परतताना काशगरला सूर्यसोमाची गाठ पडली आणि तो महायानाकडे वळला. फू च्येन या उत्तरेतल्या राजानं ल्यू ग्वांग या सेनापतीला सत्तर हजारांचं सैन्य देऊन कुचावर पाठवलं. व्यापारी नगरांवर ताबा मिळवायचा होताच, शिवाय कुमारजीवला ताबडतोब पाठवून दे असं बजावलं होतं, असं चरित्रकार सांगतात. कुचा ३८४ मध्ये पडलं. पण सेनापती परतीच्या वाटेवर असतानाच राजा मारला गेला. ल्यू ग्वांगनं ल्यांगचौला स्वतःचंच राज्य थाटलं आणि कुमारजीव तिथे सतरा वर्षं अडकून पडला. याओ शिंगच्या सैन्यानं ल्यांगचौ जिंकल्यावर ४०१च्या अखेरीस, पन्नाशी ओलांडल्यावर, तो छांगआनला पोचला. त्या सतरा वर्षांचा एकच फायदा: तोवर तो चिनी बोलू लागला होता.

अडचण

आधीच्या अनुवादांत तीन प्रकारचे दोष होते आणि ते एकमेकांत गुंतलेले होते.

पहिला दोष शब्दांचा. सुरुवातीच्या अनुवादकांनी बौद्ध संकल्पनांना ताओ परंपरेतले तयार शब्द लावले. बोधीला ‘ताओ’. निर्वाणाला ‘वू-वेइ’, म्हणजे ढवळाढवळ न करता असणं. तथतेला, म्हणजे वस्तू जशी आहे तसं असण्याला, ‘पेन-वू’, म्हणजे मुळातच नसणं. ऐकणाऱ्याला शब्द कळायचा, पण त्याला कळायचं ते लाओत्झूचं. वू-वेइ हा राजानं राज्य कसं करावं याच्या चर्चेतलाही शब्द; तृष्णेचा क्षय त्यातून ऐकू येणार कसा? पेन-वूचं तर आणखी बिघडलं. ‘सगळं मुळातल्या नसण्यातून उपजलं’ अशा अर्थाचा एक विचारपंथच त्या शब्दावर उभा राहिला, आणि प्रज्ञापारमितेचं तेच म्हणणं असल्याचं विद्वान मानू लागले. अनुवादातल्या एका शब्दानं पंथ जन्माला घातल्याचं इतकं ठसठशीत उदाहरण दुसरं सापडणं कठीण.

दुसरा दोष उच्चारांचा. जुन्या पोथ्या बऱ्याचदा संस्कृतात नव्हत्या. त्या गांधारीसारख्या प्राकृतात होत्या, आणि वाटेत मध्य आशियाई तोंडांतून गेलेल्या. गांधारीत ‘यान’ आणि ‘ज्ञान’ यांचे उच्चार इतके जवळ येतात की ऐकून लिहिणारा फसतोच. चिनीतला ‘शामेन’ हा शब्द ‘श्रमण’पेक्षा वाटेतल्या भाषांमधल्या रूपाशी जास्त जुळतो, तो यामुळेच.

तिसरा दोष कामाच्या साखळीचा. दाओआनच्या देखरेखीखाली छांगआनला अनुवाद व्हायचे, तेव्हा एक परदेशी भिक्षू पाठ म्हणे, दुसरा तो मूळ भाषेत उतरवी, तिसरा तोंडी चिनी करी आणि चौथा चिनी लेखक ते शब्दबद्ध करी. प्रत्येक सांध्याला थोडं गळायचं. पाठ म्हणणाऱ्याला चिनी येत नसे आणि लिहिणाऱ्याला संस्कृत, त्यामुळे दोन टोकांना काय चाललंय हे एकमेकांना तपासता येत नसे.

दाओआनला स्वतःला संस्कृत येत नव्हतं, तरी रोगाचं निदान त्यानंच सर्वांत नेमकं केलं. ३८२ मध्ये एका प्रस्तावनेत त्यानं ‘मूळ हरवण्याच्या पाच जागा’ मांडल्या: शब्दक्रम उलटून चिनी क्रमाचा होतो, मूळ साधं असलं तरी चिनी वाचकाला सजवलेलं लागतं, मूळात तीन-चार वेळा होणारी आवर्तनं कापली जातात, मधली पाचशे-हजार शब्दांची स्पष्टीकरणं काढली जातात, आणि नवा विषय सुरू करताना आधीचं पुन्हा सांगायची रीत गाळली जाते. कुमारजीवला बोलवा, असा आग्रहही त्यानंच फू च्येनकडे धरला होता. पण तो ३८५ मध्येच गेला, दोघांची भेट झाली नाही.

समोरचे पर्याय

ओळखीचे शब्द चालू ठेवणं हा सर्वांत सोपा पर्याय. चौथ्या शतकात जू फायानं त्याची पद्धतशीर रीतच बसवली होती, तिला ‘क-यी’ म्हणत: बौद्ध याद्यांमधल्या एकेका संज्ञेला चिनी ग्रंथांतली जोडीदार संज्ञा द्यायची आणि शिकवायचं. दाओआननं पुढे या रीतीवर टीका केली. तरीही पर्याय सरसकट टाकाऊ नव्हता. दाओआनचा शिष्य ह्वेइयुआन चोविसाव्या वर्षी प्रवचन करत असताना ‘वस्तूंचं खरं स्वरूप’ या मुद्द्यावर एक श्रोता अडला. जितकं समजवावं तितका गोंधळ वाढत गेला. शेवटी ह्वेइयुआननं च्वांगत्झू या ताओ परंपरेतल्या ग्रंथातला दाखला दिला आणि गाठ सुटली. तेव्हापासून गुरूनं त्याला बिगरबौद्ध ग्रंथ वापरायची खास मुभा दिली. फळ्यावर चालणारी गोष्ट छापील पुस्तकात चालेलच असं नाही, हा फरक दाओआनला दिसला होता, असं मला वाटतं.

दुसरा पर्याय मूळ उच्चारच चिनी अक्षरांत लिहायचा. यात चुकीचा अर्थ शिरत नाही, कारण अर्थच शिरत नाही. ‘अनुत्तरा सम्यक् संबोधि’ असं लिहिलं तर नऊ चिनी अक्षरं होतात आणि वाचणाऱ्याला त्यातून काहीच बोध होत नाही; कुणीतरी समजावून सांगावं लागतं. एखाददुसऱ्या शब्दापुरतं ठीक, पण ओळीत असे तीन शब्द आले की तो मंत्र होतो.

तिसरा, शब्दाला शब्द ठेवून काटेकोर अनुवाद. दाओआन उतारवयात इकडे झुकला होता. आणि चौथा, आशय घेऊन मोकळेपणानं चिनीत लिहायचं, आवर्तनं कापायची.

पाचव्या पर्यायाचा उल्लेख सहसा होत नाही, पण तो अनुवादाच्या जागी प्रत्यक्ष हजर होता: नवा अनुवाद न करता जुनाच दुरुस्त करायचा. जुन्या अनुवादांवर शंभर वर्षांची भाष्यं, प्रवचनं आणि पाठांतर उभं होतं. सगळं नव्यानं लिहिलं की ते सगळं एका दिवसात जुनं होणार.

प्रत्यक्ष काय केलं

कुमारजीवच्या शिष्यांपैकी सेंगरुइनं लिहिलेल्या प्रस्तावनेमुळे कामाची पद्धत जवळजवळ दिवसावार कळते. ४०३च्या चौथ्या महिन्याच्या तेविसाव्या तिथीला शहराच्या उत्तरेच्या श्यावयाव बागेत काम सुरू झालं. कुमारजीवच्या हातात मूळ पोथी; तो वाचून तिथेच चिनीत सांगे. म्हणजे साखळीतले पहिले तीन सांधे एकाच माणसात आले, हा मोठा बदल. समोर राजा स्वतः जुना अनुवाद हातात धरून बसलेला. नवं वाक्य आलं की जुन्याशी ताडून कुठे काय चुकलं ते विचारी. भोवती जुने जाणते पाचशेहून अधिक भिक्षू. अर्थावर वाद व्हायचा, शब्दरचना तपासली जायची आणि त्यानंतरच लेखणी कागदाला लागायची. जुना अनुवाद दुरुस्त करायचा पर्याय असा अर्धा स्वीकारला गेला: पाया म्हणून नव्हे, पडताळ्यासाठी.

शब्दांसाठी तीन नियम ठरले. मध्य आशियाई तोंडात बिघडलेला उच्चार भारतीय उच्चारावरून सुधारायचा. चिनी प्रतिशब्द चुकला असेल तर मूळ शब्दाच्या अर्थावरून नवा ठरवायचा. आणि जो बदलता येत नाही तो आहे तसा उच्चारानं लिहायचा. सेंगरुइ कबूल करतो की यामुळे परक्या नावांची गर्दी झाली, जवळजवळ निम्मा मजकूर परक्या ध्वनींचा दिसू लागला.

बदललेल्या संज्ञांची यादीही त्यानं दिली आहे आणि ती वाचण्यासारखी आहे. स्कंधासाठी ‘यिन’ हा शब्द होता. चिनी वाचकाला तो यिन-यांगमधलाच यिन. त्याजागी ‘चोंग’, म्हणजे समूह. स्कंधातला ढिगाऱ्याचा अर्थ त्यात आला. आयतनाला ‘आत शिरणं’ होतं, ते ‘स्थान’ झालं. धातूला ‘धरणं’ होतं, कारण कुणीतरी धातूची फोड ‘धृ’च्या अंगानं केली असावी, ते ‘स्वभाव’ झालं. स्मृत्युपस्थानाला ‘मन थांबवणं’ असं होतं. नुसत्या शब्दानंच साधना बदलते बघा: स्मृती जागी ठेवायची की मन बंद पाडायचं? ते ‘स्मृतीचं स्थान’ झालं. सम्यक्प्रहाणाचं ‘मन तोडणं’ जाऊन ‘योग्य प्रयत्न’ आलं. आर्यमार्गाचं ‘सरळ चालणं’ जाऊन ‘पवित्र वाट’ आली. आणि बोधीसाठीचा ‘मनाची जाग’ हा भाषांतरित शब्द काढून सरळ ‘फूथी’ हा उच्चार ठेवला. एकाच यादीत दोन्ही दिशांचे निर्णय आहेत. बाकीच्या संज्ञांना नेमका चिनी शब्द सापडत होता. बोधीला जो सापडे त्याच्या मागून ताओ आत यायचा. म्हणून तिथे दार बंद.

वाक्याच्या पातळीवरचा निर्णय ४०६ मधल्या सद्धर्मपुंडरीक या दुसऱ्या महायान सूत्राच्या अनुवादात दिसतो. मूळ आशय असा: देव माणसांना पाहतील, माणसंही देवांना पाहतील. धर्मरक्षानं २८६ मध्ये ते अगदी तसंच केलं होतं: ‘देव माणसं पाहतात, माणसं देव पाहतात.’ तिथे आल्यावर कुमारजीव म्हणाला, अर्थ मूळाबरोबर आहे, पण बोलणं फार ओबडधोबड झालंय. सेंगरुइनं सुचवलं: ‘माणसं आणि देव एकमेकांच्या सहवासात येतील, दोघांना एकमेकांचं दर्शन होईल’ असं म्हटलं तर? कुमारजीव खूश झाला आणि तेच ठेवलं. इथे मूळ भाषा जाणणाऱ्यानं अडचण सांगितली आणि चिनी जाणणाऱ्यानं वाक्य दिलं. शब्दाचा निर्णय एकाकडे आणि वाक्याचा दुसऱ्याकडे, ही वाटणी कुठे लिहून ठेवलेली नव्हती, पण काम तसंच चालायचं.

स्वतःच्या पद्धतीबद्दल कुमारजीवला भ्रम नव्हता. भारतात स्तुतिपद्यं तंतुवाद्यावर बसतील अशी रचतात. चिनीत आणली की आशय राहतो, रूप जातं. हे म्हणजे चावलेला घास दुसऱ्याच्या तोंडात घालणं, चव तर जातेच, वर मळमळतं. हे त्यानं सेंगरुइलाच सांगितलं होतं.

कापण्याचा निर्णय सर्वांत जोखमीचा होता. प्रज्ञापारमितेवरची मोठी टीका, म्हणजे भाष्य, महाप्रज्ञापारमिताशास्त्र, तो ४०२ पासून समांतर अनुवादत होता. सेंगरुइच्या हिशेबानं हातातला संक्षिप्त पाठसुद्धा एक लाख श्लोकांचा, म्हणजे बत्तीस लाख अक्षरांचा. चिनी वाचकाला एवढा पाल्हाळ सोसणार नाही म्हणून तीन भागांतले दोन काढले, तेव्हा शंभर गुंडाळ्या झाल्या. मात्र पहिल्या परिवर्ताची टीका पूर्ण ठेवली. त्या एकट्याच्या चौतीस गुंडाळ्या. कात्री दुसऱ्या परिवर्तापासून पुढे.

कुठे घसरलं

सूत्राचा मसुदा ४०३च्याच बाराव्या महिन्याच्या पंधराव्या तिथीला पुरा झाला. तपासणी पुढच्या वर्षी चौथ्या महिन्याच्या तेविसाव्या तिथीला संपली, सुरुवातीपासून बरोबर एक वर्षानं. इथवर सगळं शिस्तीत. मग टीकेचा अनुवाद पुढे सरकू लागला तसं लक्षात आलं की सूत्राच्या अनुवादात अजून पुष्कळ ठिकाणी अर्थ पुरता आलेला नाही. म्हणून टीकेचा एकेक भाग झाला की सूत्र पुन्हा दुरुस्त करायचं, असं ठरलं. टीका संपली चिनी वर्ष ४०५च्या बाराव्या महिन्यात. सूत्र पक्कं झालं ते तेव्हा.

पण पाठ पक्का होण्याआधीच नकला बाहेर पडल्या होत्या. कुणी मधल्या टप्प्याची प्रत उतरवून नेली, कुणी मनानं घातलं-काढलं, कुणी परस्पर वेगळं शीर्षक दिलं. सेंगरुइ हे सगळं नाराजीनं नोंदवतो. प्रती एकमेकींशी जुळेनात. पाचशे माणसांच्या सभेत गुप्तता राखणं अवघडच होतं, आणि शंभर वर्षं वाट पाहिलेल्या लोकांना ‘अजून दोन वर्षं थांबा’ म्हणणं त्याहून अवघड.

‘चोंग’ही टिकला नाही. टीकेत तो भरपूर येतो, पण कुमारजीवच्या पुढच्या अनुवादांत, सद्धर्मपुंडरीकात आणि विमलकीर्तिनिर्देशात, जुना ‘यिन’ परत दिसतो. यादी ठरवली पण ती पुढच्या प्रत्येक ग्रंथाला बंधनकारक आहे असं कुणी धरलं नाही. सातव्या शतकात ह्युएन त्संगनं ‘युन’ हा तिसरा शब्द आणला, आणि पंडितांत तो रुजला.

राजाश्रयाची किंमतही मोजावी लागली. इतक्या बुद्धिमान माणसाचा वंश चालला पाहिजे म्हणून राजानं कुमारजीवला दहा स्त्रिया देऊन विहाराबाहेर घर थाटायला लावलं. प्रवचनाच्या सुरुवातीला तो म्हणे, चिखलातलं कमळ घ्या, चिखल घेऊ नका. आणि बुद्धभद्र हा ध्यानपरंपरेतला मोठा आचार्य छांगआनला आला, तर तिथल्या संघानं वाद काढून त्याला घालवून दिलं. तो दक्षिणेला ह्वेइयुआनकडे गेला, आणि पुढे ४१८ ते ४२० मध्ये खोतानहून आलेल्या अवतंसक या प्रचंड सूत्राचा अनुवाद त्याच्या हातून तिकडे झाला. एवढं मोठं काम छांगआनच्या हातून गेलं ते पोथी मिळाली नाही म्हणून नव्हे.

निष्पत्ती

कुमारजीव गेल्यावर थोड्याच वर्षांत, ४१७ मध्ये, छांगआन पडलं आणि मंडळी पांगली. सहाव्या शतकाच्या आरंभी सेंगयोनं केलेल्या सूचीत त्याच्या नावावर ३५ ग्रंथ, २९४ गुंडाळ्या आहेत. सभेत तयार झालेल्या माणसांपैकी सेंगझाओनं पेन-वूवाल्यांची चूक चिनीतूनच, चिनी युक्तिवादानं दाखवून दिली. हे क-यीच्या काळात जमलं नसतं. कुमारजीवच्या वज्रच्छेदिका सूत्राच्या अनुवादाची दुनह्वांगला सापडलेली ८६८ सालची प्रत हे तारीख असलेलं सर्वांत जुनं पूर्ण छापील पुस्तक. उच्चारानं ठेवलेल्या शब्दांचं नशीब तर आपल्याला रोज दिसतं: ‘ध्यान’चं ‘छान’ झालं आणि जपानला पोचून ‘झेन’.

अवलोकितेश्वराची, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाची, गोष्ट जरा वेगळी. धर्मरक्षानं त्याला ‘क्वांगशीयिन’ म्हटलं होतं, कुमारजीवनं ‘क्वानशीयिन’ केलं: जगाचा आवाज ऐकणारा. ह्युएन त्संगनं पुढे हे चूक ठरवलं. नावात ‘स्वर’ नाही, ‘ईश्वर’ आहे, म्हणून ‘क्वानत्झूत्साय’. व्याकरण त्याच्या बाजूनं. पण जुन्या हस्तलिखितांत ‘अवलोकितस्वर’ असा पाठ सापडतो, तेव्हा कुमारजीव समोरच्या पोथीशी प्रामाणिकच होता. लोकांनी निकाल केव्हाच दिला होता. चीनमध्ये आजही क्वानयिनच म्हणतात. सद्धर्मपुंडरीकात एक सार्थवाह मौल्यवान माल घेऊन चोरांनी भरलेल्या वाटेनं तांडा नेतो आणि सगळे मिळून हे नाव घेतात. हेच संकट औरंगाबादच्या सातव्या लेण्यात दगडात कोरलेलं आहे, अवलोकितेश्वर ज्यांतून तारतो त्या अष्टमहाभयांच्या पटात. दोन्हीकडचा भक्त एकच होता: वाटेला लागलेला व्यापारी.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट, क्रम. टीका हाताशी होती, काम ४०२ पासून चालू होतं, आणि तरी सूत्र ४०४ मध्ये तपासून पुरं झाल्याचं धरलं. टीका संपेपर्यंत सूत्राची प्रत सभेबाहेर जाऊ द्यायची नाही एवढं ठरवलं असतं तर निम्मे घोळ टळले असते. किंवा उलट, मसुदा म्हणूनच प्रती सोडायच्या आणि प्रत्येकीवर तारीख घालायची. सेंगरुइनं तारखा प्रस्तावनेत लिहिल्या, पण प्रस्तावना फक्त शेवटच्या पाठाला लागली. भटक्या प्रतींवर काहीच नव्हतं.

दुसरी, शब्दांची यादी प्रस्तावनेत पुरून न ठेवता स्वतंत्र कोश म्हणून हाताशी ठेवायला हवी होती. उच्चारानं कोणते शब्द लिहायचे याचे निकष ह्युएन त्संगच्या नावानं नंतर सांगितले गेले: गूढ धारणी, अनेकार्थी शब्द, जसा ‘भगवत्’, चीनमध्ये नसलेल्या वस्तू, जसा जंबूवृक्ष, पूर्वापार रुळलेले, जसा ‘अनुत्तरा सम्यक् संबोधि’, आणि जिथे मूळ उच्चारानं आदर वाटतो, जसा ‘प्रज्ञा’. यातले बहुतेक निर्णय छांगआनच्या बागेत एकेक करून घेतलेच गेले होते. ते नियम म्हणून मांडायला पुढे कित्येक शतकं लागली.

कात्रीबद्दल दोन मतं होतील. महाराष्ट्राबद्दल लिहून ठेवणारा हाच ह्युएन त्संग ६६० मध्ये दोन लाख श्लोकांची सर्वांत मोठी प्रज्ञापारमिता हाती घेऊन बसला, तेव्हा शिष्यांनी कुमारजीवसारखं कापावं असा आग्रह धरला. त्याला भीतिदायक स्वप्नं पडू लागली, असं त्याचं चरित्र सांगतं, आणि त्यानं एकही आवर्तन न गाळता ६०० गुंडाळ्या पुऱ्या केल्या. कुमारजीवची रीत वाचकांच्या सोयीची होती, आणि वाचक त्यालाच मिळाले. पण महाप्रज्ञापारमिताशास्त्राचं मूळ संस्कृत हस्तलिखित आज कुठेही नाही. काय काढलं ते पाहायला दुसरी वाट नाही. पहिल्या परिवर्ताच्या चौतीस गुंडाळ्या समोर ठेवून पुढच्या परिवर्तांची टीका मुळात केवढी असेल याचा अंदाज तेवढा करता येतो.